पुसू नोको

आम्रपालीनं मोबाइल तुरीच्या कोठीत पुरला.
तीन दिवस आतून घुंईघुंई यायची.

चेहरा तिचा, अंग कोणाचं तरी.
गावच्या ग्रुपवर एकशे बारा जणांनी पाहिलं,
दोघांनी अंगठा दिला.
एक तिचा चुलतमामा.

दुर्पताबाईनं बचतगटाचं रजिस्टर
मागच्या पानावर उघडलं.
"पुसू नोको, माय.
पुसलं त त्याचंच फावते."
मग पदरानं चष्मा पुसून
एकेक अक्षर उतरवलं:
नंबर. तारीख. रात्री अकरा चाळीस.
स्क्रीनशॉट काढताना बोट थरथरलं,
दोनदा टॉर्चच लागला,
आम्रपाली तेवढ्यात हसली.

आमच्या वऱ्हाडात पुसणं म्हणजे विचारणंही.
सकाळच्या एसटीनं आठ बाया
दारव्ह्याच्या ठाण्यात गेल्या,
रजिस्टर पिशवीत,
ठाणेदाराले पुसायले.