तेवीस सेंटिमीटर

क्योतोत पाच रात्री.
तीन स्टेशनाजवळच्या हॉटेलात, पलंगावर, माणसासारख्या.
दोन त्या जुन्या लाकडी घरात,
जिथे झोपायचं जमिनीवर,
बसायचं जमिनीवर,
चहा प्यायचा तोही जमिनीवरच.

डॉ. छाजेड म्हणाले होते, बाई, गुडघा नवा आहे,
खुर्ची सोडू नका.
मिहीरचा पुण्याहून मेसेज: पाचही रात्री हॉटेल घे,
उगाच हट्ट नको.
हट्ट कसला?
गवताच्या चटयांचा वास फोटोत येत नाही,
एवढंच माझं म्हणणं.

म्हणून गेले सतरा दिवस
रामबागेतल्या या दुसऱ्या मजल्यावर
संध्याकाळी पाचला मी खाली बसते
आणि उठते.
हे समोर, हातात घड्याळ.
पहिल्या दिवशी दीड मिनिट लागलं,
तेही सोफ्याचा पाय धरून.
"तिथे सोफा नाहीये," यांनी वर सुनावलं,
जसे काही मॅचचे पंच.

घराचे नियम आलेत, चांगली दोन पानं.
चपला बाहेर. बरं.
रात्री नऊनंतर हळू बोला, भिंती पातळ आहेत.
यांना कमी ऐकू येतं,
म्हणजे नऊनंतर मी गप्प.
जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा,
बाटल्या तिसऱ्या पिशवीत –
इथे आम्ही दोघं एकदमच हसलो.
अहो बाई, आम्ही इंदूरचे!
आमच्याकडे कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते
आणि केळ्याचं साल चुकीच्या डब्यात पडलं
तर गाडीवरचा पोरगा वर खिडकीकडे बघतो.

जेवणाचं मात्र जमेना.
त्या गल्लीतली खानावळ म्हणे आठला बंद.
आठला!
आठला आमच्या सराफ्यात
सोनारांची शटरं खाली येतायत,
कढया अजून यायच्यात.
यांनी जिरावनच्या दोन पुड्या बॅगेत टाकूनही झाल्या.
कशावर घालणार, म्हटलं, तर म्हणाले,
भात असेलच की.

मग मिहीरला न विचारता
मोबाइलच्या अनुवादावर भरवसा ठेवून
मीच घरमालकिणीला लिहिलं:
माझा गुडघा नवीन आहे,
उठताना धरायला काही आहे का?
त्याचं जपानीत काय झालं कोण जाणे,
उत्तराची सुरुवात अभिनंदनाने होती.
खाली एका बुटक्या स्टुलाचा फोटो.
निशिवाकी बाईंनी लिहिलं होतं:
उंची तेवीस सेंटिमीटर. आई यावरून उठायची.

उठायची की उठते,
अनुवादात नीट कळलं नाही.
मी परत विचारलं नाही.

घरभर टेप घेऊन फिरलो.
मोरी धुवायचा चौरंग फार उंच,
देवापुढचा पाट फार बुटका.
शेवटी दोन पाट एकावर एक,
त्यावर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी,
जिच्यातले अर्धे नंबर आता कुणाचेच नाहीत.
बरोब्बर तेवीस.
बसले. उठले.
एकोणीस सेकंद.

यांचा विश्वास बसेना.
घड्याळ बंद पडलं असेल, म्हणाले, थांब, मी बघतो,
आणि पाट बाजूला सारून
सरळ फरशीवर मांडी घातली ऐटीत.
मी सेकंद मोजत राहिले.
साठ झाले, नव्वद झाले,
एकदा डावा हात टेकून झाला, एकदा उजवा.
मग मीही बसले खाली, शेजारी,
सोबत म्हणून.

टेबलावर फोन वाजतोय.
मिहीरच असणार. विमानाचे दर उद्यापासून वाढतायत.
वाजू दे.
फरशी गार आहे.
इथून सोफ्याखालची
गेल्या दिवाळीतली एक पणती दिसतेय,
आणि यांचा हरवलेला दुसरा चष्मा.

आधी कोण उठणार,
ते अजून ठरायचंय.