पूर्वापार

तेजस्विनी, तू सातारची. तुले कसं ठाऊक असणार
की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले,
इथं पोट्टे लाकडाचे बैल गावभर ओढत नेतात
अन् मोठी माणसं खरंच बाजूला होऊन
त्यायले वाट देतात.

काल तू हळूच विचारलं,
"बाबा, हे सगळं आपल्या घरात केव्हापासून?"
मी म्हणलं, पूर्वापार.
खोटं बोललो.
माह्या बापाची सणाच्या दिवशी
झोप तेवढी पूर्वापार होती.

आवतनाचंच घे.
आदल्या सांजेला बैलाचे खांदे शेकतात,
हळद-तूप चोळतात, कानाशी म्हणतात,
आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.
त्या सांजेला लाईट गेली होती.
मी चोळलं, म्हणलं, पायाबी पडलो,
अन् कंदील आला तवा दिसलं, बैल उमाट्यांचा.
दावं तोडून आमच्या गोठ्यात उभा, डोळे मिटून, खुशीत.
दिलेलं आवतन मागं घेता येते का?
दुसऱ्या दिवशी तो आला. वेळेवर आला.
मागं उमाटे, हातात तुटकं दावं.
मी म्हणलं, बसा, तुम्हीबी घ्या दोन पोळ्या.
तवापासून त्यायच्या गोठ्यात जाणं आलं.
आता तिथं ट्रॅक्टर आहे.
परवा मडगार्डले तूप लावलं, उद्या जेवाले या म्हणलं.
उमाट्यांचा नातू म्हणे, आजोबा, तो डिझेल पेते.
पिऊ दे. पोळी तू खाय.

रोडग्यांचं मात्र कोणाले सांगू नको.
लग्नाचं पहिलं वर्ष, वावरात जेवण,
तुह्या सासूनं गोवऱ्यांच्या आरात
एकवीस रोडगे मोजून दाबले. निघाले वीस.
आळ आला काळ्यावर. गरीब कुत्रं,
मार खाऊन माह्याकडंच पाहत राह्यलं.
तवापासून बाविसावा थापते ती, "काळ्याचा" म्हणून.
काळ्या जाऊन वीस वर्षं झाली,
त्याचा रोडगा अजून निघते,
अन् अजून तो कोण खाते, ते ती विचारत नाही.
(तिचा चष्मा माह्या खिशात आहे, तवर हे वाचून घे.)

अन् हा बैल. तुळशीराम वाढईनं सागाचे पैसे घेतले,
आंब्याचा दिला.
चौथं चाक मलमाच्या डबीचं झाकण,
म्हणून तो चालतो कमी, कलतो जास्त.
तुहा नवरा तवा दुसरीत.
आठ दिवस झडती पाठ केली होती त्यानं,
झोपेतबी म्हणे.
तोरणाखाली उभा झाला, डफडं थांबलं,
अन् समोर पहिल्याच रांगेत ढोबळे गुरुजी!
गुरुजी दिसले अन् पोट्ट्याचं तोंड आपोआप उघडलं,
सात एके सात.
लोकायले वाटलं, नवी झडती आहे.
सात दुणे चौदा. कोणी तरी डफड्यावर ताल धरला.
सात त्रिक, सात चोक, गाडी धावत सुटली,
अन् सात आठेले येऊन रुतली.
सारं गाव श्वास धरून.
मी दुरून बोटं दाखवत होतो, पण बोटं दहाच.
"बावन्न!" हेमराज वरडला.
हर बोला हर हर महादेव!
गुरुजीबी वरडले,
मग त्यायनं कपाळाले हात लावला.

बक्षीस मिळालेला तो ग्लास,
ज्याच्यात तू रोज पाणी पेतेस.
तवापासून आपल्या घरची झडती हीच.

रात्री रेवा येऊन माह्या पांघरुणात शिरली,
आख्खा पाढा म्हणून दाखवला, कुठंच अडकली नाही.
म्हणे, "आबा, बाईंनी छप्पन शिकवलं."
मी म्हणलं, बाई बरोबर आहेत.
"मग उद्या?"
उद्या बावन्न.
परवापासून छप्पन.