विनियोग प्रमाणपत्र

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी चोपड्याच्या कॉलेजात
बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल वह्यांवर सह्या करत होते.
लघु संशोधन प्रकल्प. एक लाख वीस हजार. दोन हप्ते.
विषय: सातपुड्याच्या पायथ्याचे रानकंद.
प्राचार्यांनी पेढे मागवले, बिल माझ्याकडे पाठवलं.
अकाउंट सेक्शनमधून दगाजी आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले,
"ताई, पैसाले येवाले काय लागस?
जावाले मात्र पावती लागस."

वैजापूरच्या पुढे डांबर संपतं.
तिथून झिंगलीबाई पावरा पुढे, मी मागे,
पाठीवर प्रेस, जुने पेपर, आणि विद्यापीठाचा नमुना क्रमांक सात.
ती बोट हवेत फिरवून दाखवायची
कोणता वेल खोडाला कुठून विळखा घालतो.
"उजवा पोट भरतो. डाव्याला विचारून खायचं."
हा राखेत उकडायचा,
हा फोडी करून रात्रभर वाहत्या पाण्यात,
आणि हा नाहीच. हा फक्त ओळखून ठेवायचा.
मी लिहून घेत होते.
एम.एस्सी.ला हेच मी तीन पानी तक्त्यात पाठ केलं होतं
आणि पेपर झाल्यावर विसरले होते.

संध्याकाळी तिने तीनशे रुपये मोजून घेतले,
पुन्हा मोजले, पदरात बांधले.
"तुला किती देतात?"
मी पगाराचा अर्धाच आकडा सांगितला.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"मग तू खूप वेल पाहिले असतील."

त्याच वर्षी उजळणी वर्ग. एकवीस दिवस, ऑनलाइन.
त्याच्याशिवाय पुढची श्रेणी नाही,
म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
जिथे रेंजच्या दोन काड्या यायच्या.
एका सरांनी ज्ञानाच्या हस्तांतरणावर नव्वद मिनिटं घेतली.
खाली दूध उतू गेलं.
"सर्वांनी कॅमेरे चालू करा, ग्रुप फोटो आहे."
त्रेसष्ट चौकटींत त्रेसष्ट थकलेले चेहरे,
मेच्या उन्हात हसणारे.
श्रेणी 'अ' मिळाली. फाइलला लावली.

मग लेखापरीक्षणाचा आक्षेप:
माहितीदाराचं मानधन, दिवस अकरा,
पॅन क्रमांकासह पावती जोडावी.
पेट्रोलची बिलं चालली,
ज्या झेरॉक्सवाल्याने कोऱ्या बिलबुकावर
"आकडा तुम्हीच टाका मॅडम" म्हटलं होतं, तोही चालला.
अडली ती झिंगलीबाई.
पोर्टलवर सह-संशोधकाच्या रकान्यात
मी एकदा तिचं नाव टाकून पाहिलं.
पदनाम? पीएच.डी.चं वर्ष?
लाल अक्षरं आली: नोंद अवैध.
मग ती ऋणनिर्देशात गेली, पान चौऱ्याण्णव,
ग्रंथपालांच्या खाली,
टंकलेखन करणाऱ्या मुलाच्या वर.
हे मी केलं. पोर्टलने फक्त कारण दिलं.

दुसरा हप्ता आला नाही.
तिचे तेहेतीसशे मी माझ्या खिशात घातले, म्हणजे खिशातून;
बाकी हिशेब जुळला आणि सदतीस रुपये उरले.
अखर्चित रक्कम धनाकर्षाने परत करावी, असा नियम.
बँकेने धनाकर्षाचे एकोणसाठ घेतले.
दगाजी आप्पा त्या दिवशी इतके हसले
की त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं.

परवा ते विभागात आले, डेडस्टॉक रजिस्टर घेऊन.
कपाटामागे एक कंद राहून गेला होता, लेबल गळलेला;
त्याला कोंब फुटून खिडकीच्या गजावर
हातभर वेल गेला होता.
"याची नोंद?"
नाही केली.
"खावाले चालस का हाऊ?"
मी म्हटलं, आप्पा, आधी बघा कुठून वळतोय.
त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं,
चष्मा काढून सदऱ्याला पुसला,
पुन्हा घातला
आणि वाकले.