ताटातूट

आमच्या गावात घरांची पाठ समुद्राकडे,
लाटेने येऊन दार ठोठावू नये म्हणून.
मर्डोकाका पुढच्या दाराने आला.
ॲबर्डीनच्या सभेहून, ओल्या कोटाच्या आतल्या खिशात
घडी घातलेलं पत्र घेऊन.

उभ्यानेच वाचलं त्याने:
जे आपल्यातले नाहीत, त्यांच्याबरोबर जेवायचं नाही.
बाकी दोन पानं म्हणजे या एका वाक्याची शेपटी.

आधी रेडिओ गेला.
वडिलांनी तो चादरीत गुंडाळून धक्क्यावरून सोडला,
मांजराची पिल्लं सोडतात तसा, तोंड फिरवून.
त्या रात्रीपासून आई भिंतीला कप लावून
पलीकडच्या बुकनांचं हवामान ऐकायची:
वारा वायव्येचा, जोर आठ, वाढणार.
इवन तेव्हा बोटीवर असायचा.
काका म्हणायचा, वादळ कोणाचं असतं ते ठाऊक आहे ना,
मग त्यालाच विचारा.

मग एफीमावशी.
ती टेकडीवरच्या साध्या चर्चला जायची,
भांडी घासताना शिट्टी वाजवायची,
आणि तिला आमच्याशिवाय कोणी नव्हतं.
घराबाहेर कुठे काढणार तिला?
काका म्हणाला, टेबल एक म्हणजे पंगत एक.
वडील नावा बांधणारे. काही बोलले नाहीत.
कानामागची चपटी पेन्सिल काढली,
मध्यावर रेघ ओढली, दोनदा मोजली,
माप चुकलं तरच पाप लागणार असल्यासारखं,
आणि करवत घेतली.

आजोबांच्या फुटलेल्या नावेच्या फळ्यांचं टेबल ते.
मी सात वर्षांची. मला भुसा आवडला.
मूठभर नाकाशी नेला, राळेचा वास आला.
उरलेला आईने गोळा करून शेगडीत टाकला.
भुर्रकन पेटला.

अर्धं टेबल दोन पायांवर उभं राहत नाही,
भिंतीला ठोकावं लागतं.
आमचं स्वयंपाकघरात, मावशीचं मागच्या खोलीत.
तेव्हापासून आम्ही सगळे
भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो.

मधलं दार वीतभर उघडं असायचं.
मावशीचा चमचा वाजला की मी माझा उचलायचे.
तिचा थांबला की माझा.
कोणाला कळलं नाही.
म्हणजे, आईला कळलं असावं.
ती त्याच सुमारास सावकाश जेवायला लागली.

सोळाव्या वर्षी मी ताट उचलून पलीकडे गेले.
ओटच्या पिठात तळलेलं हेरिंग होतं, दोन बटाटे.
मावशी म्हणाली, परत जा पोरी.
मी बसले.
काकाने माझ्याकडे पाहिलंच नाही, वडिलांकडे पाहिलं.
वडिलांनी माझी खुर्ची उचलून अंगणात नेऊन ठेवली,
हळूच, पाय मोडू नये म्हणून,
आणि दार लावलं.

वडिलांना पुरलं तेव्हा मी कुंपणाबाहेर.
इवनने टोपी काढली, खड्ड्याकडे तोंड करून की रस्त्याकडे,
लांबून नीट दिसलं नाही.

घर विकलं त्या वर्षी मासळीच्या गाडीतून
दोन्ही अर्धी माझ्याकडे आली. कोणी पाठवली, लिहिलेलं नव्हतं.
मी ती जोडून ठेवलीत, चिकटवलेली नाहीत.
कडेची चीर एका बाजूने येते
आणि पलीकडे थोडी हुकते.
पात्याच्या रुंदीएवढं लाकूड कुठेच नाही.
त्या फटीतून मीठ सांडतं, पावाचा चुरा.

मर्डोकाका अजून आहे. ब्याण्णव.
मागच्या हिवाळ्यात नवं पत्र आलं म्हणे,
त्यात तोही आपल्यातला उरला नाही.
त्याची सून ताट पायरीवर ठेवते, झाकून,
आणि तो आत नेईपर्यंत खिडकीत थांबते.

एफीमावशी असती तर त्याला जेवायला बोलावलं असतं,
शिट्टी वाजवत.
मी चौसष्ट वर्षांची आहे.
अजून तिच्याएवढी झाले नाही.