मत्त

वडगावात करंट गेला की
गल्लीतले माग एकदम गप्प होतात,
कानात खटखट तेवढी उरते.
तिच्यावर आज एक ओळ बसली.
सतरा वर्षांनी.

सुताच्या बिलामागं लिहिली.
'गाठ'ला 'पाठ', 'काठ'...
छे, ही तेव्हाही नको होती.

पेटी विकून पोराची फी भरली
त्याचा मला राग नाही.
बोटंच रुसली होती.

"काय लिवूलालास? उधारी?"
पलीकडच्या मागावरनं बसलिंग.
"गाणं."
म्हणून दाखवलं. मुखडाच. आवाज दोनदा चिरकला.

हातातली कांडी तशीच धरून
तो म्हणाला, "मत्त?"

कानडीत मत्त म्हणजे पुढं काय,
आणि मत्त म्हणजे पुन्हा.
त्यानं कुठलं विचारलं,
मी विचारलं नाही.

तेवढ्यात करंट आला.
मी बटणाला हात लावला नाही
लगेच.