लाइन

बाबांच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय.
फेब्रुवारीत उजवी बाजू गेली
आणि तिच्याबरोबर बाकीचे सगळे.
सिव्हिलच्या दुसऱ्या मजल्यावर
सिस्टर शीर शोधत होती, मनगट, कोपर, पाऊल थापटून.
वैतागून कुणाला तरी ओरडली,
'यांची लाइन मिळत नाहीये!'
आणि बाबांनी डोळे उघडले.
एकतीस वर्षं, बाळकूम ते माजिवडा,
लाइन मिळाली नाही की यांनाच बोलवायचे.
'लाइन,' ते म्हणाले.
तो पहिला शब्द. तोच शेवटचा, अजून तरी.

थेरपिस्ट मृण्मयी म्हणते, असं होतं.
कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे देवाचं नाव,
कुणी नुसतं एक दोन तीन म्हणत राहतं.
ती चित्रं दाखवते. आंबा.
लाइन.
छत्री.
लाइन.
पुढच्या कार्डावर विजेचा खांब निघाला
तर बाबा गप्प. मान फिरवून बसले,
हे काय विचारायचं झालं?

तर आम्ही शिकतोय.
तुटक लाइन म्हणजे पाणी.
शेवटी वर उचललेली, तर दारात कोण आहे.
घाईघाईने दोनदा आली
तर अर्थ लावत बसायचं नाही, आधी बाथरूमपर्यंत न्यायचं.
नाकातून लांबवलेली रात्री दहानंतरची,
ती केतनसाठी, तो अजून घरी आलेला नसतो.
मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोराला
सगळ्यात मोठी लाइन मिळते,
तिच्यात निदान चार सूचना असतात.
तो बिचारा 'हो काका' म्हणतो.

मी कोलबाडला डीटीपी करते.
गिऱ्हाईक पाठीशी उभं राहून सांगतं,
ताई, आजोबांना वरच्या लायनीत घ्या,
ही लाइन बोल्ड, इथे जरा अंतर सोडा.
दिवसभर ऐकून घरी येते
तर चपला काढायच्या आधीच आतून तोच शब्द.
शाळेत एका मार्काला होता. लाइन म्हणजे ओळ.
ओळख व्हायला त्यात एक अक्षर कमी पडतं
हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

आईला मात्र शिकावं लागलं नाही.
परवा गॅलरीत केस विंचरत होती,
बाबा हळूच म्हणाले, लाइन.
ती अशी काही हसली की मीच आत गेले.
जेवताना मग तिने सांगितलं,
कोलशेतला तिच्या दारासमोर खांब होता,
धडधाकट, काही म्हणता काही झालेलं नाही त्याला,
तरी हा माणूस आठवड्यातून दोनदा चढायचा.
साहेबांना सांगायचा, लाइन चेक करतोय.
अख्ख्या आळीला माहीत होतं कुठली.
'आणि तू गं?'
'मी बोंबलांवरचे कावळे हाकायचे.'
जरा थांबून, ताटातलं काटं बाजूला सारत,
'कावळे नसले तरी.'

मे महिन्यातली गोष्ट. रात्री अकराला
डीपीत फाट् आवाज झाला आणि आळी काळी.
पंखा दमत दमत थांबला.
समोरच्या टॉवरची लिफ्ट तेवढी वरखाली,
आमच्याकडे बायका दारात, पोरांचा कल्ला,
कंप्लेंटचा नंबर नेहमीसारखा एंगेज.
बाबा उठून बसले. एकटे, डाव्या हातावर.
'लाइन.'
कामावरच्या आवाजात, खणखणीत.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
त्या शब्दाचं आम्हाला दुसरं काही करावं लागलं नाही.

'हो,' मी म्हटलं, 'गेली.'

त्यांनी डावा हात वर धरला.
खाली कुणी खांबावर चढलेलं असणार.
त्याचं परमिट परत येईपर्यंत
स्विचला कुणी हात लावायचा नाही.
वीस मिनिटं धरून ठेवला तसाच, थरथरत,
मी आधार द्यायला गेले तर डोळ्यांनीच झिडकारलं.

मग आळीभर 'आली! आली!'
बाबांनी हात खाली घेतला,
आईकडे बघितलं, म्हणाले, लाइन.
साडेअकरा वाजत आले होते.
आईने उठून चहाचं आधण ठेवलं.