चार्ज देताना

रुवीतल्या टाइल्सच्या गोदामामागे, एसीच्या घरघरीत
मी हैथमला चार्ज देतोय.
ही सप्लायरची फाइल. ही थकबाकीची.
हा शिक्का जरा डावीकडे कलतो,
दाबताना अंगठा उजव्या कडेला ठेव.
कुठे लिहून ठेवलेलं नाही हे,
एकोणीस वर्षांनी अंगठ्यालाच कळतं.

तो चोवीसचा. दिशदाशाची इस्त्री अजून मोडलेली नाही.
उजवीकडून डावीकडे टिपून घेतो सगळं.

काल गुरुवार, गच्चीवर वाद रंगला.
शरफुद्दीन परकार म्हणाला, देश म्हणजे काय खानावळ आहे,
मनात आलं की शटर ओढलं?
थंकच्चन म्हणाला, आहेच खानावळ.
जेवलात, हात धुतलेत, आता उठा. मागे रांग आहे.
खगेंद्र कांदा चिरत होता. म्हणाला,
दार सताड उघडलं तर माझा पगार पडेल,
माझ्या गावातलेच तीसजण टपून बसलेत.
आणि बंद केलं, तर त्या तिसांत माझा भाऊ आहे.
मग बराच वेळ नुसता कांदा.

घाग, तुमचं काय, कुणीतरी विचारलं.
म्हटलं, माझं मत मी अठ्ठ्याण्णव सालीच देऊन बसलोय.

लोट्याच्या केमिकल कंपनीच्या फाटकाशी
आम्ही चाळीसजण होतो.
बॅनर मी रंगवला, अक्षर चांगलं म्हणून.
आधी भूमिपुत्र.
भूचा ऊकार मुद्दाम लांब काढला,
मुळासारखा, खाली गेलेला.
गोरखपूरकडचा एक फिटर होता, रामबृक्ष.
त्याने घोषणा ऐकल्या नाहीत असं नाही.
आमच्यातल्या एकाला पंपाजवळ नेऊन दाखवलं,
हा व्हॉल्व्ह आधी, मग तो, नाहीतर उडेल.
डबा उचलला
आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.

त्याची नोकरी मला नाही मिळाली.
ती मॅनेजरच्या मेहुण्याला मिळाली.
मी पासपोर्ट काढला.

हैथम हिंदीत विचारतो, माझ्यावर रागावलास का?
नाही म्हणतो मी. खरं नाही ते. खोटंही नाही.
तीन वर्षं त्याची आई रोज संध्याकाळी
त्याच्याकडे न बघता त्याला वाढत होती.
मुलूख त्याचा, खुर्ची त्याच्या मुलखाची.
माझ्याजवळ असा एकही मुद्दा नाही
जो मीच त्या फाटकाशी खोडून काढला नव्हता.

तो दोन चहा घेऊन येतो.
सांगतो, माझा आजा मकरानहून आला, होडीतून,
रिकाम्या गोण्यांवर झोपून.
तेव्हा बताका नव्हता, व्हिसा नव्हता.
किनाऱ्यावर एवढंच विचारलं, काय येतं तुला?
आजा म्हणाला, बंदूक साफ करता येते.
राहिला.
हैथम अल बलुशी हसतो, कपाच्या वाफेतून.
जरा लवकर यायला हवं होतंस, घाग.

जरा म्हणजे किती?
कितव्या होडीपर्यंतची माणसं इथली
आणि कितव्या विमानापासूनची परकी?
आमचे म्हातारेही सांगत,
आपण घाट उतरून खाली आलो.
तेव्हा खाली कोण राहत होतं
ते सांगायच्या आधी त्यांना झोप लागायची.

दारच नको, असं मी म्हणत नाही.
दाराशिवाय घराला घर म्हणता येत नाही, उन्हाळ्यात तर इथे मुळीच नाही.
पण किती उघडं असावं हे कुणी विचारलं
तर मी हात पुढे करतो, माप दाखवायला,
आणि दोन तळव्यांमधलं अंतर
दर वेळी वेगळंच पडतं.

शेवटचं राहिलं, गोदामाचं कुलूप.
किल्ली आधी थोडी वर उचल,
मग फिरव, नाहीतर अडकते.
हैथम उचलतो. फिरवतो. पुन्हा उचलतो.

तो व्हॉल्व्ह पुढे कधी उडाला का,
मी कुणालाच विचारलं नव्हतं.